आपली वाटणारी परकी जागा: थीम पार्कचे निष्ठावंत टोकाला का जातात?

कॅलिफोर्नियातील अनाहाइम येथील डिस्नेलँडमध्ये सफाई कर्मचाऱ्यांसाठी 'हेपा क्लीनअप' अशी एक सांकेतिक सूचना वापरली जाते. ती मिळाली की संबंधित राइड थांबवली जाते, पर्यटकांना काही तांत्रिक अडचण असल्याचे सांगितले जाते आणि अतिसूक्ष्म कण पकडणारी गाळणी बसवलेला व्हॅक्यूम क्लीनर घेऊन कर्मचारी आत जातात. आत कोणीतरी आपल्या दिवंगत आप्ताची रक्षा टाकलेली असते. 'द वॉल स्ट्रीट जर्नल'ने २०१८ मध्ये या प्रकाराविषयी सविस्तर वृत्त दिले. लोक ही रक्षा औषधांच्या डब्यांत किंवा सौंदर्यप्रसाधनांच्या डब्यांत लपवून आणतात आणि हे साधारण महिन्यातून एकदा घडते, असे कर्मचाऱ्यांनी त्या वृत्तात सांगितले होते. कंपनीच्या नियमांनुसार आणि कायद्यानुसारही हे निषिद्ध आहे. तरीही ते थांबलेले नाही.

रक्षा टाकण्यासाठी सर्वाधिक निवडली जाणारी जागा म्हणजे ऑगस्ट १९६९ मध्ये सुरू झालेला 'हॉन्टेड मॅन्शन' हा भुताटकीचा वाडा, आणि ही निवड यादृच्छिक नाही. या वाड्यात ९९९ आत्मे सुखाने नांदत असून आणखी एकासाठी जागा आहे, असे राइडमधील निवेदकच प्रेक्षकांना सांगतो. ज्याने हे निवेदन लहानपणापासून शेकडो वेळा ऐकले आहे आणि ज्याची आई किंवा नवरा त्या वाड्याचा वेडा होता, त्याला ते केवळ निवेदन वाटत नाही. ते आमंत्रण वाटते. आपल्याकडे रामकुंडावर अस्थी घेऊन जाणाऱ्या माणसाला जे वाटते, त्याहून हे मुळात फार वेगळे नाही: जिथे त्या जिवाला शांती मिळेल असे आपण मानतो, तिथे त्याला पोहोचवावे. फरक जागेच्या स्वरूपात आहे. रामकुंड या विधीसाठीच ओळखले जाते, तिथे पिढ्यान्‌पिढ्यांची व्यवस्था आहे. डिस्नेलँड ही एका कंपनीची खासगी मालमत्ता आहे, आणि तिथे टाकलेली रक्षा त्याच दिवशी व्हॅक्यूम क्लीनरच्या पिशवीत जाते. हे ठाऊक नसल्यामुळे एखादे कुटुंब आयुष्यभर समाधानात राहत असेल, आणि ती पिशवी रिकामी करणाऱ्या कर्मचाऱ्याला मात्र आपण काय टाकतो आहोत याची पुरती जाणीव असते. या सगळ्या विषयात मला सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट हीच आहे.

थीम पार्कच्या निष्ठावंतांचे वागणे बाहेरून पाहणाऱ्याला चक्रमपणाचे वाटते आणि त्यावर हसणे सोपे असते. परंतु व्यवस्थापनशास्त्रात या वागण्याचा उलगडा करणारी एक संकल्पना आहे. तिला 'मानसिक मालकी' म्हणता येईल. जॉन पियर्स, तातियाना कोस्तोव्हा आणि कर्ट डर्क्स या अभ्यासकांनी २००१ मध्ये ती कर्मचारी आणि संस्था यांच्या संदर्भात मांडली. कायद्याने आपली नसलेली गोष्टही माणसाला मनापासून 'माझी' वाटू शकते, आणि ही भावना तीन मार्गांनी तयार होते, असे त्यांचे प्रतिपादन आहे: त्या गोष्टीवर आपले काही नियंत्रण असणे, तिची आपल्याला अगदी जवळून ओळख असणे, आणि तिच्यात आपण स्वतःला, म्हणजे आपला वेळ, श्रम आणि कल्पना, ओतलेले असणे. ही मांडणी कार्यालयांना आणि कारखान्यांना समोर ठेवून झाली असली, तरी ती थीम पार्कला लागू करून पाहिली की बरेच काही स्पष्ट होते. हे पार्क माणसाला दुसरा आणि तिसरा मार्ग मुबलक देतात, पहिला मात्र जवळजवळ देतच नाहीत. माणूस पार्कला पूर्णपणे ओळखतो, त्यात स्वतःला ओततो, आणि तिथे काय राहील व काय जाईल याचा निर्णय मात्र दुसऱ्या कुणाच्या हातात असतो. टोकाचे वागणे बहुतेक वेळा याच फटीतून बाहेर पडते.

ही आपलेपणाची भावना आपोआप उगवत नाही, ती घडवली जाते. १७ जुलै १९५५ रोजी डिस्नेलँडचे उद्घाटन करताना वॉल्ट डिस्ने यांनी येणाऱ्या प्रत्येकाला उद्देशून 'डिस्नेलँड ही तुमची भूमी आहे' असे जाहीर केले, आणि तो मजकूर आजही पार्कमधील फलकावर वाचायला मिळतो. पार्कभोवती मातीचा उंच बांध घातलेला आहे, जेणेकरून आत शिरल्यावर बाहेरचे रस्ते आणि इमारती दिसू नयेत. मेन स्ट्रीटवरील इमारतींचे वरचे मजले खालच्यापेक्षा लहान मापाचे बांधलेले आहेत, त्यामुळे त्या उंच भासतात आणि तरीही अंगावर येत नाहीत. येणाऱ्यांना ग्राहक न म्हणता पाहुणे म्हटले जाते आणि कर्मचाऱ्यांना कलाकारवृंदाचे सदस्य. १९९१ मध्ये सुरू झालेल्या डिस्नेच्या सुट्टी-निवास योजनेतील सभासदांचे स्वागत 'घरी आपले स्वागत आहे' अशा शब्दांत केले जाते. अलेक्झांडर मूर या मानववंशशास्त्रज्ञांनी १९८० मध्येच फ्लोरिडातील वॉल्ट डिस्ने वर्ल्डचे वर्णन सीमाबद्ध विधीस्थळ आणि खेळकर तीर्थक्षेत्र असे केले होते: रोजच्या जगापासून तोडलेली जागा, ठरलेला प्रवेश, ठरलेले टप्पे आणि परत येण्याची ओढ. जी जागा तीर्थासारखी रचलेली आहे, तिथे भक्तासारखे वागणारी माणसे निर्माण झाली तर त्याचे आश्चर्य वाटायला नको.

यातील 'जवळून ओळख' हा मार्ग किती खोल जाऊ शकतो, याची कल्पना बाहेरच्याला सहसा येत नाही. डिस्नेच्या रचनाकारांनी भिंतींवर, गालिच्यांवर आणि लोखंडी जाळ्यांवर तीन वर्तुळांची मिकीची आकृती लपवण्याची प्रथा पाडली आणि निष्ठावंतांनी त्या आकृत्यांच्या याद्या बनवल्या. सजग नजरेला इथे बक्षीस मिळते, त्यामुळे नजर आणखी सजग होत जाते, आणि मग पर्यटकांसाठी खुला असलेला भाग अपुरा वाटू लागतो. बंद पडलेल्या दालनांत शिरून छायाचित्रे काढणारे लोक असेच तयार होतात. डिस्ने वर्ल्डच्या एपकॉट पार्कमधील बंद केलेल्या आरोग्यविषयक दालनात बझी नावाचा एक यांत्रिक बाहुला वर्षानुवर्षे अंधारात पडून होता. २०१८ मध्ये त्याचे कपडे चोरीला गेल्याचे उघड झाले आणि त्याच्या चाहत्यांमध्ये शोककळा पसरली. पार्कमधील वस्तूंच्या चोऱ्यांच्या तपासात २०१९ मध्ये एका माजी कर्मचाऱ्याला अटक झाली. संग्राहकांचा बाजार या वस्तूंना मोठी किंमत देतो हे खरे, परंतु केवळ पैशासाठी कोणी धुळीने भरलेल्या बाहुल्यापर्यंत पोहोचत नाही. तो तिथे आहे हे माहीत असण्यासाठीच आधी वेड लागावे लागते. २०२० च्या वसंतात, महामारीमुळे सर्व काही बंद असताना, डिस्ने वर्ल्डच्या परिसरातील बे लेक तलावातल्या, १९९९ पासून बंद असलेल्या डिस्कव्हरी आयलंड या बेटावर एक माणूस तंबूच्या तयारीने राहायला गेला. पोलिसांनी पकडल्यावर त्याने ती जागा आपल्याला उष्णकटिबंधातील स्वर्गासारखी वाटली असे सांगितले.

स्वतःला ओतण्याचे सर्वांत मोठे उदाहरण कॅलिफोर्नियातील एका रहिवाशाचे आहे. नोकरी गेलेली असताना त्याच्याकडे डिस्नेलँडचा वार्षिक पास भेट म्हणून आलेला होता, आणि २०१२ हे लीप वर्ष असल्याने ३६६ दिवस रोज पार्कमध्ये जायचे असे त्याने ठरवले. १ जानेवारी २०१२ पासून तो जात राहिला. नोकरी मिळाल्यानंतर कामावरून सुटल्यावर संध्याकाळी जाऊ लागला. पहिले वर्ष संपले तरी तो थांबला नाही. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे पार्कच बंद झाले तेव्हा त्याची सलग भेटींची संख्या २,९९५ झालेली होती, आणि पुढे गिनेस वर्ल्ड रेकॉर्ड्सने तिची नोंद घेतली. या माणसाच्या बाबतीत मला लक्षणीय वाटते ते हे की त्याच्या वागण्यात कोणालाही उपद्रव नाही. त्याने नियम मोडला नाही, काही चोरले नाही. बेरोजगारीच्या काळात दिवसाला आकार देणारी एक सवय त्याने धरली आणि ती सवय त्याची ओळख बनली. अशी दीर्घ साखळी तोडणे दर दिवसागणिक अवघड होत जाते, कारण तोडल्यास आजवरचे सगळे दिवस वाया गेल्यासारखे वाटतात. गुंतवलेल्या खर्चामुळे माणूस पुढचा निर्णय बदलतो हे अर्थशास्त्रज्ञ सांगतात, आणि तो खर्च पैशाचाच असावा लागतो असे नाही.

रोलर कोस्टरच्या चाहत्यांमध्ये हीच वृत्ती मोजणीच्या रूपाने दिसते. १९७८ मध्ये 'अमेरिकन कोस्टर एन्थुझिअॅस्ट्स' ही संघटना स्थापन झाली आणि आज अशा चाहत्यांचे गट अनेक देशांत आहेत. आयुष्यात किती वेगवेगळ्या कोस्टरवर बसलो याचा हिशेब हे लोक ठेवतात आणि प्रत्येक नव्या कोस्टरला 'क्रेडिट' म्हणतात. क्रेडिटसाठी प्रौढ माणसे लहान मुलांच्या छोट्याशा कोस्टरवरही गुडघे मुडपून बसतात, आणि काही पार्कमध्ये सोबत मूल असल्याशिवाय प्रौढांना तिथे बसू देत नाहीत म्हणून त्यांची पंचाईत होते.

आता नियंत्रणाकडे येऊ, कारण खरा संघर्ष तिथेच आहे. फ्लोरिडातील मॅजिक किंगडम या डिस्ने वर्ल्डच्या पार्कमध्ये १९७१ पासून चालत आलेली 'मिस्टर टोड' ही राइड बंद होणार अशी चर्चा १९९७ मध्ये सुरू झाली, तेव्हा चाहत्यांनी हिरवे टी-शर्ट घालून पार्कमध्ये येण्याच्या आणि ती राइड पुन्हा पुन्हा करण्याच्या निषेध-भेटी आयोजित केल्या. त्या शांततापूर्ण होत्या आणि त्यासाठी आंदोलकांना तिकीट काढूनच आत यावे लागत होते. ७ सप्टेंबर १९९८ रोजी राइड बंद झाली. विरोध करण्यासाठीही ज्याचा विरोध करायचा त्यालाच पैसे द्यावे लागणे, ही या निष्ठावंतांची कायमची कोंडी आहे.

याहून गुंतागुंतीचे प्रकरण 'स्प्लॅश माउंटन'चे. ओंडक्याच्या होडीतून पाण्यात कोसळण्याची ही राइड डिस्नेलँडमध्ये १९८९ मध्ये सुरू झाली होती, आणि तिच्यातील पात्रे १९४६ च्या एका चित्रपटातून घेतलेली होती. गुलामगिरीनंतरच्या काळातील, अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांतल्या कृष्णवर्णीयांचे जीवन त्या चित्रपटात गोडगुलाबी करून दाखवले आहे, अशी टीका त्यावर प्रदर्शनापासूनच होत आली आहे आणि कंपनीने तो अमेरिकेत घरगुती वापरासाठी कधी उपलब्धही केला नाही. जून २०२० मध्ये राइडचे रूप बदलण्याची घोषणा झाली, तेव्हा बदलाच्या बाजूने आणि विरोधात, दोन्हीकडून सह्यांच्या मोहिमा चालल्या. जानेवारी २०२३ मध्ये फ्लोरिडातील राइडचा शेवटचा दिवस जवळ आला तेव्हा लोक तासन्‌तास रांगेत उभे राहिले, आणि त्यानंतर राइडमधील पाणी म्हणून भरलेल्या बाटल्या आणि बरण्या ईबे या संकेतस्थळावर विक्रीला आल्या. ते क्लोरीन घातलेले, हजारो लोकांच्या कपड्यांवरून गेलेले पाणी होते. तरीही विकत घेणाऱ्याच्या दृष्टीने ते त्या जागेचा एक अंश होता, जो आता कोणी काढून घेऊ शकत नव्हता. या चाहत्यांचे दुःख खोटे नव्हते असे मला वाटते. पण त्याच वेळी हेही स्पष्ट म्हटले पाहिजे की जी जागा एका पर्यटकाला बालपणीचे घर वाटते, तीच जागा दुसऱ्याला आपल्या पूर्वजांची थट्टा वाटू शकते, आणि मानसिक मालकीची भावना कितीही उत्कट असली तरी ती एकाच माणसाची असते असे नाही. २०२४ मध्ये दोन्ही पार्कमध्ये ही राइड टियाना या कृष्णवर्णीय नायिकेच्या कथेच्या रूपात पुन्हा सुरू झाली.

एकट्या माणसाचे वेड गटात आले की त्याचे स्वरूप बदलते. साधारण २०१२-१३ पासून डिस्नेलँडमध्ये 'सोशल क्लब' दिसू लागले. डेनिमच्या बिनबाह्यांच्या जॅकेटवर क्लबचे नाव आणि आवडत्या पात्रांची चित्रे शिवून घेतलेली स्त्री-पुरुष घोळक्याने फिरतात, आणि पहिल्यांदा पाहणाऱ्याला ती मोटारसायकलस्वारांची टोळीच वाटते. प्रत्यक्षात बहुतेक क्लब म्हणजे एकत्र राइड करणाऱ्या आणि अडीअडचणीला धावून जाणाऱ्या मित्रांचे गट आहेत. तरीही क्लबांमध्ये तेढ निर्माण झाली, आणि एका प्रकरणात तर दमदाटीच्या आरोपांवरून वाद न्यायालयात गेला. हेन्री ताज्फेल या सामाजिक मानसशास्त्रज्ञांनी १९७० च्या सुमारास ब्रिस्टल परिसरातील शाळकरी मुलांवर केलेले प्रयोग इथे आठवतात. दोन चित्रकारांपैकी कोणाची चित्रे आवडतात अशा क्षुल्लक कारणावरून मुलांचे गट पाडले, तरी मुले बक्षिसे वाटताना आपल्या गटाला झुकते माप देत. भेद इतका किरकोळ असतानाही 'आपण' आणि 'ते' तयार होतात, तर वर्षानुवर्षे एकाच पार्कमध्ये एकच जॅकेट घालून फिरणाऱ्यांमध्ये ते होणारच.

प्रतिष्ठेची शिडीही इथे आहे आणि तिच्या टोकाला 'क्लब ३३' आहे. १९६७ मध्ये डिस्नेलँडच्या न्यू ऑर्लिन्स स्क्वेअर भागात सुरू झालेला हा केवळ सभासदांसाठीचा क्लब असून त्याच्या प्रतीक्षायादीत लोक वर्षानुवर्षे थांबतात. सार्वजनिक ठिकाणी मद्यधुंद असल्याच्या आरोपावरून २०१७ मध्ये एका दांपत्याचे सभासदत्व काढून घेण्यात आले. नवऱ्याला अर्धशिशीमुळे तोल जाण्याचा त्रास आहे, तो नशेत नव्हता, असे त्यांचे म्हणणे होते. सभासदत्व परत मिळवण्यासाठी त्यांनी दावा लावला, त्यावर सुमारे ४ लाख डॉलर खर्च केले, आणि २०२४ मध्ये ज्यूरीने निकाल कंपनीच्या बाजूने दिला. एका क्लबात जेवायला जाण्यासाठी इतका पैसा का, असा प्रश्न बाहेरचा माणूस विचारेल. पण ज्यांनी आपले आयुष्य त्या क्लबाभोवती बांधले होते, त्यांच्या दृष्टीने तो हद्दपारीविरुद्धचा लढा होता.

वस्तूंची गोष्ट थोडक्यात सांगता येईल. जानेवारी २०२२ मध्ये एपकॉटमध्ये फिगमेंट या जांभळ्या ड्रॅगनच्या आकाराचे पॉपकॉर्नचे भांडे विक्रीला आले आणि लोक त्यासाठी तासन्‌तास, काही जण तर सात तासांपर्यंत, रांगेत उभे राहिले. डफी नावाच्या अस्वलाचे उदाहरण मात्र अधिक उद्बोधक आहे. फ्लोरिडात ते साधे 'डिस्ने अस्वल' म्हणून विकले जात होते तेव्हा कोणी फारसे लक्ष दिले नाही. टोकियो डिस्नेसी या पार्कने ते २००५ मध्ये डफी म्हणून पुढे आणले, आणि जपानी चाहते स्वतः शिवलेले कपडे घालून आपापली अस्वले सोबत आणू लागले. त्यांना खुर्चीवर बसवून, समोर खाऊ ठेवून छायाचित्रे काढू लागले. त्याच कुटुंबातील लीनाबेल ही गुलाबी कोल्हीण सप्टेंबर २०२१ मध्ये शांघाय डिस्नेलँडमध्ये अवतरली. तिच्या मागे कोणताही चित्रपट नव्हता. तरीही त्या वर्षाच्या अखेरीस थंडीत पहाटे तीनच्या सुमारास हजारो लोक तिच्या आणि तिच्या सोबत्यांच्या नाताळच्या बाहुल्यांसाठी पार्कबाहेर जमले, बाहुल्या काळ्या बाजारात अनेक पटींनी विकल्या गेल्या आणि व्यवस्थापनाला विक्रीसाठी सोडत पद्धत आणावी लागली. कथेवाचून पात्रावर इतके प्रेम कसे बसते, असे वाटणे स्वाभाविक आहे. माझ्या मते कथा नसणे हाच इथे दुवा आहे: कोरी बाहुली असली की तिच्यात मालकाला स्वतःची गोष्ट घालता येते, आणि स्वतःला ओतण्याचा तो तिसरा मार्ग पूर्ण मोकळा होतो.

पार्क चालवणाऱ्या कंपन्यांना या निष्ठेची गरजही असते आणि तिची अडचणही होते. रोज येणारा पासधारक गर्दी करतो, पण क्वचित येणाऱ्या पर्यटकाइतका खर्च करीत नाही. डिस्नेलँडच्या एका दिवसाच्या तिकिटाचा सर्वाधिक दर ऑक्टोबर २०२४ मध्ये २०६ डॉलरवर गेला. १९५५ मध्ये नुसत्या प्रवेशाला एक डॉलर पडत असे. जानेवारी २०२१ मध्ये, पार्क बंद असतानाच, कंपनीने जुनी वार्षिक पासांची पद्धत संपवली. ज्यांचे वर्षाचे वेळापत्रक, मैत्री आणि मुलांचे वाढदिवस त्या पासावर आधारलेले होते, त्यांना हे एका निवेदनातून कळले. ऑगस्ट २०२१ मध्ये 'मॅजिक की' ही नवी योजना आली आणि तिच्यातील १,३९९ डॉलरच्या 'ड्रीम की'मध्ये वर्षातील कोणताही दिवस वगळलेला नाही असे जाहीर करण्यात आले. पण आत जाण्यासाठी आगाऊ आरक्षण लागत असे, आणि पासधारकांसाठीचा कोटा संपला की पार्कमध्ये इतरांना तिकीट मिळत असतानाही पासधारकाला प्रवेश मिळत नसे. एका पासधारक महिलेने दावा दाखल केला. कंपनीने चूक मान्य न करता ९५ लाख डॉलर देऊन तो सामोपचाराने मिटवला. तोपर्यंत 'ड्रीम की'ची विक्री बंद झालेली होती आणि तिच्या जागी आलेल्या 'इन्स्पायर की'मधून नाताळच्या आसपासचे दिवस वगळण्यात आले होते.